पिकअप गेला कुठे?

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांतल्या दुचाकीच्या गॅरेजांत मराठी सहज कानावर पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कापडाच्या कामाला आलेली कुटुंबं इथे स्थिरावली. आठवडाभर गाडी रिंग रोड ते घर अशी धावते आणि सणावाराला तीच गाडी व्यारा, सोनगड, नवापूर करत गावाकडे निघते. अशा माणसाला गाडीबद्दल पडणारा प्रश्न नेहमीचा आहे: धुराचा बीएस-6 नियम आल्यापासून गाड्यांचा दम गेला म्हणतात, ते खरं का? आणि सायलेन्सरमधली ती ‘जाळी’ काढून टाकली तर पिकअप परत येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘थोडंसं खरं’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’. ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी बरोबर कशी, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

1. पिकअप म्हणजे नेमकं काय?

गाडीच्या माहितीपत्रकात ताकदीचे दोन आकडे असतात, एक टॉर्कचा आणि एक पॉवरचा. रिंग रोडच्या कापड मार्केटात साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेली हातगाडी ढकलणारा हमाल डोळ्यांसमोर आणा. थांबलेली गाडी हलवताना तो खांदा लावून जो रेटा देतो, तो टॉर्क. गाडी चालू लागल्यावर तो रेटा किती वेगाने देत राहतो, त्यावर पॉवर ठरते. एखाद्याचा पहिला रेटा जबरदस्त असतो, पण पळताना तो मागे पडतो. दुसरा हलताना कुंथतो, पण एकदा सुटला की थांबत नाही.

इंजिनाच्या भाषेत हाच हिशेब असा: पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. 97 सीसीचं एखादं इंजिन 5000 आरपीएमला 8 न्यूटन-मीटर टॉर्क देत असेल, तर त्या क्षणी त्याची पॉवर साधारण 5.7 पीएस भरते. तोच टॉर्क 6000 आरपीएमला मिळाला, तर पॉवर 6.8 पीएस होते.

माहितीपत्रकात छापलेली पॉवर ही कमाल पॉवर असते आणि ती साधारण 7000-8500 आरपीएमला मिळते. शहरातल्या सिग्नलवरून निघताना आपण तिथवर क्वचितच जातो. आपलं बहुतेक आयुष्य 3000 ते 5500 आरपीएममध्ये जातं. आपण ज्याला पिकअप म्हणतो तो या मधल्या पट्ट्यातला टॉर्क आणि मूठ पिळल्यावर इंजिन किती तत्परतेने ऐकतं, या दोन गोष्टींचा मिळून झालेला अनुभव असतो. म्हणून कमाल पॉवर तेवढीच राहूनही पिकअप बदलू शकतो.

2. नियम काय मागतो?

सुरतेला धुराचा हिशेब नवा नाही. हवेतल्या कणांच्या उत्सर्जनाचा जगातला पहिला व्यापार-बाजार 2019 मध्ये इथल्या कारखान्यांसाठीच सुरू झाला. पण चिमणीतून निघणारे कण निदान डोळ्यांना दिसतात. पेट्रोल गाडीचे तीन मुख्य दोषी वायू दिसत नाहीत. अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा कार्बन मोनॉक्साइड, मुळीच न जळलेल्या पेट्रोलचे हायड्रोकार्बन आणि फार तापलेल्या हवेत तयार होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड, असे हे तीन.

आपल्याकडे दुचाकींवरची मर्यादा पायरीपायरीने खाली आली. 1996 मध्ये एका किलोमीटरला 4.5 ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड चालत होता. 2000 मध्ये ही मर्यादा 2 ग्रॅम झाली, 2005 मध्ये 1.5 आणि 2010 च्या बीएस-3 मध्ये 1 ग्रॅम. बीएस-3 मध्ये उरलेल्या दोन वायूंना मिळून आणखी 1 ग्रॅमची मुभा होती. एप्रिल 2017 पासून बीएस-4 सक्तीचं झालं. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने 29 मार्चला बीएस-3 गाड्यांची विक्री 1 एप्रिलपासून बंद करण्याचा आदेश दिला आणि शेवटच्या दोन दिवसांत सवलतीत गाड्या घ्यायला देशभर शोरूमबाहेर गर्दी उसळली. पुढे सरकारने बीएस-5 ही पायरी गाळली आणि 1 एप्रिल 2020 पासून थेट बीएस-6 आणलं.

बीएस-6 मध्ये कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 1 ग्रॅमच आहे. हायड्रोकार्बन मात्र 0.1 ग्रॅम आणि नायट्रोजन ऑक्साइड 0.06 ग्रॅम. म्हणजे बीएस-3 मध्ये दोघांना मिळून जिथे 1 ग्रॅम मिळत होता, तिथे आता 0.16 ग्रॅम. शिवाय चाचणीही अवघड झाली. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत गाडी रोलरवर चालवतात. ही चाचणी थंड इंजिनापासून सुरू होते आणि आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या, अधिक चढउतारांच्या वेगक्रमात धूर मोजला जातो. इतकी मोठी कपात एका जुगाडाने साधत नाही. त्यासाठी गाडीवर पाच-सहा गोष्टी बसवाव्या लागल्या.

3. कोणतं यंत्र किती ताकद खातं?

गाडीवरचं एकेक उपकरण घेऊ.

कॅनिस्टर. कोळशाने भरलेली ही छोटी डबी टाकीतून उडणारी पेट्रोलची वाफ पकडते आणि गाडी चालू असताना इंजिनाला जाळायला देते. ताकदीवर परिणाम शून्य. उलट एरवी हवेत गेलं असतं ते पेट्रोल कामी येतं. मात्र तिची नळी दबली किंवा टाकी तोंडापर्यंत भरून कोळशात पेट्रोल शिरलं, तर गाडी अडखळते. तो दोष डबीचा नसून भरण्याच्या सवयीचा असतो.

एअर सक्शन व्हॉल्व. एक्झॉस्टच्या प्रत्येक धक्क्यानंतर नळीत क्षणभर पोकळी होते. त्या पोकळीने ही झडप ताजी हवा ओढून घेते आणि बाहेर पडणारं उरलंसुरलं पेट्रोल तिथेच जळतं. हे सगळं सिलिंडरच्या बाहेर, स्फोट होऊन गेल्यावर घडतं. त्यामुळे पिस्टनला मिळणाऱ्या जोराला इथे हातच लागत नाही. ही झडप बंद केल्याने रेस सोडताना होणारा फटफट आवाज कमी होतो आणि त्यावरूनच अनेकांना ‘गाडी मोकळी झाली’ असं वाटतं.

कॅटलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या बोलीत ‘कॅट’. लोक ज्याला जाळी म्हणतात ती हीच. धातूच्या किंवा सिरॅमिकच्या शेकडो बारीक नळ्यांचा गठ्ठा असतो आणि नळ्यांच्या आतून प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा अतिशय पातळ थर. साधारण 250 ते 300 अंश तापल्यावर तो काम करू लागतो. मग कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, उरलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, आणि नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन. लवकर तापावा म्हणून बीएस-6 गाड्यांत तो इंजिनाच्या जवळ सरकवला गेला.

संपूर्ण यादीत ताकद खरोखर खाणारं उपकरण हे एकच. बारीक नळ्यांतून जाताना धुराला अडथळा होतो आणि तो बाहेर ढकलायला पिस्टनला थोडं काम करावं लागतं. पण कमी रेसला धूर थोडाच असतो, म्हणून अडथळाही नगण्य. तो जाणवण्याइतका होतो तो अगदी वरच्या आरपीएमला, पूर्ण रेसमध्ये. म्हणजे चांगल्या स्थितीतला कॅट सिग्नलवरचा पिकअप खात नाही. तो कमाल वेगाजवळचा एखादा घास घेतो.

ऑक्सिजन सेन्सर आणि ईसीयू. सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला ते पाहतो, ईसीयू हा गाडीतला छोटा संगणक त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करतो. दोन्ही स्वतः ताकद खात नाहीत. पण गाडीचा स्वभाव बदलतो तो यांच्यामुळेच. त्याचं कारण पुढच्या भागात.

4. 14.7 चं गणित

एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 ग्रॅम हवा लागते. कॅट तिन्ही वायू एकदम साफ करतो तो मिश्रण या आकड्याच्या अगदी जवळ असेल तेव्हाच. पेट्रोल जास्त झालं की कार्बन मोनॉक्साइड सुटतो, हवा जास्त झाली की नायट्रोजन ऑक्साइड सुटतो.

अडचण अशी की इंजिनाला जास्तीत जास्त जोर 14.7 ला मिळत नाही. तो साधारण 12.5 ते 13 ला मिळतो, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त असताना. जुन्या कार्बोरेटरच्या काळात मेस्त्री स्क्रू अर्धा फेरा फिरवून मिश्रण ‘जाड’ करायचा आणि मूठ पिळताच गाडी उसळायची. धुरात काय जातंय, याचा जाब कुणी विचारत नव्हतं. आता तो स्क्रू ईसीयूच्या हातात आहे आणि शहरात हळू चालवताना ईसीयू 14.7 सोडत नाही. मूठ झटकन पिळली तरी तो पेट्रोल मोजून देतो. पूर्ण रेस दिली तर बहुतेक गाड्यांत तो जाड मिश्रणाला परवानगी देतो. म्हणून अनेकांचा अनुभव असा असतो की गाडी हायवेवर चांगली पळते, पण गल्लीत सुस्त वाटते. ती सुस्ती अडथळ्याची नसून शिस्तीची आहे.

5. आकडे काय सांगतात?

आता खऱ्या गाड्या घेऊ. बीएस-4 ते बीएस-6 हा बदल चार गाड्यांत चार प्रकारे झाला.

हीरो स्प्लेंडर प्लस: पॉवर 8.36 वरून 8.02 पीएस, म्हणजे सुमारे 4 टक्के घट. टॉर्क तसाच राहिला, 8.05 न्यूटन-मीटर. पण तो आधी 5000 आरपीएमला मिळायचा, आता 6000 ला. पहिल्या भागातला हमाल आठवा. रेटा तेवढाच आहे, फक्त तो थोडा उशिरा देतो. ‘दम गेला’ या तक्रारीचं मूळ 4 टक्क्यांपेक्षा या 1000 आरपीएममध्ये अधिक आहे.

रॉयल एनफील्ड क्लासिक 350: पॉवर 19.8 वरून 19.1 बीएचपी झाली. टॉर्क 28 न्यूटन-मीटर, तोही त्याच 4000 आरपीएमला राहिला. कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. इथे घट कागदावर दिसते, मुठीत फारशी जाणवत नाही.

यामाहा एफझी: पॉवर 13.2 वरून 12.4 पीएस झाली, 6 टक्के घट. चौघांत ही मोठी. पण टॉर्क 12.8 वरून 13.6 न्यूटन-मीटरवर गेला आणि 6000 ऐवजी 5500 आरपीएमलाच मिळू लागला. पॉवर घटूनही शहरात गाडी जास्त ओढणारी झाली. नियम तोच, कंपनीने निवड वेगळी केली.

टीव्हीएस अपाचे आरटीआर 160 4व्ही: इंजेक्शनवाल्या बीएस-4 गाडीची पॉवर 16.8 पीएस होती. बीएस-6 ला ती 16.02 झाली आणि लोक नाराज झाले. 2021 मध्ये कंपनीने त्याच नियमात राहून तीच गाडी 17.63 पीएसला आणली, बीएस-4 पेक्षाही जास्त. कॅट होता, सेन्सर होता, मर्यादाही तीच होती.

ताकद जाण्याचं कारण उपकरण असतं, तर 2021 ची अपाचे शक्यच नव्हती. 2020 च्या मुदतीआधी सगळ्या कंपन्यांना सगळ्या गाड्या एकदम बदलायच्या होत्या. तेव्हा इंजिन सौम्य करून चाचणी पार पाडणं हा सोपा रस्ता होता. नंतर वेळ मिळाल्यावर त्याच मर्यादेत ताकद परत काढता आली.

6. सिग्नलवर आणि कोंडाईबारीत

4 टक्के घट रस्त्यावर किती होते? समजा, जुन्या गाडीला चालकासह 0 ते 60 किलोमीटर वेग घ्यायला 9 सेकंद लागत होते. पॉवर 4 टक्के घटली आणि गाडी दोन-तीन किलोने वाढली, म्हणजे चालकासह वजन दीड टक्क्याने वाढलं. दोन्ही मिळून वेळ साडेपाच टक्क्यांनी वाढेल, म्हणजे 9 चे साडेनऊ सेकंद. उधना दरवाजाच्या गर्दीत या अर्ध्या सेकंदाला काही किंमत नाही.

चढावर मात्र हिशेब वेगळा आहे. सुरत-धुळे महामार्गावर विसरवाडी सोडल्यावर कोंडाईबारीचा घाट लागतो. समजा गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून 260 किलो वजन आहे आणि चढ 5 टक्क्यांचा आहे. ताशी 60 ने चढायला चढ, वारा आणि टायरचं घर्षण मिळून चाकाशी साधारण 4.4 किलोवॅट लागतात. 50 ने चढायला 3.3 किलोवॅट पुरतात. 100 सीसीच्या गाडीच्या इंजिनातून निघणाऱ्या 5.9 किलोवॅटपैकी चेन आणि गिअर वजा जाता चाकापर्यंत पोचतात फार तर 5. म्हणजे 60 ला गाडी जवळपास सगळा जोर लावून चढत असते. इथे 4 टक्के, म्हणजे 0.2 किलोवॅट कमी झाले तर वेग ताशी सुमारे 2 किलोमीटरने उतरेल.

दोन किलोमीटर फार नाहीत. पण टॉप गिअरमध्ये गाडी जेमतेम ओढत असेल तर तेवढ्यानेच ती दबते आणि गिअर उतरवावा लागतो. ज्या चढावर जुनी गाडी चौथ्यात जायची तिथे नवी तिसरा मागते. चालकाच्या लक्षात राहतो तो हा उतरवलेला गिअर, आणि त्याच्या लेखी फरक 4 टक्क्यांचा न राहता एका गिअरचा होतो. याच्यावरचा उपाय फुकट आहे: बीएस-6 गाडीचा टॉर्क वर सरकलाय हे मान्य करून गिअर लवकर उतरवायचा आणि आरपीएम 6000 च्या आसपास राहू द्यायचा.

7. जाळी काढली तर?

कॅट काढला की धूर मोकळा जातो, आवाज वाढतो आणि मोठ्या आवाजाने गाडी जोरात पळत असल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात शहरी वेगात ऑक्सिजन सेन्सर मिश्रण 14.7 लाच ठेवतो, त्यामुळे मधल्या पट्ट्यात नवा जोर येत नाही. उलट एक्झॉस्टची लांबी आणि अडथळा धरूनच इंजिनाची जुळणी केलेली असल्यामुळे खालच्या आरपीएमचा टॉर्क कमी होण्याचीच शक्यता जास्त. पूर्ण रेसमध्ये हवा जास्त जाते, पण ईसीयूच्या तक्त्यात तेवढं पेट्रोल लिहिलेलं नसतं. मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं.

यावर काहीजण ईसीयूचा तक्ताच बदलून देतात आणि तेव्हा गाडी खरोखर जोरात पळते. पण तो जोर कॅट काढल्याचा कमी आणि जास्त पेट्रोल ओतल्याचा अधिक असतो. त्याची किंमत टाकीतून वसूल होते. आणि अशी गाडी मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 खाली बेकायदा फेरफार ठरते.

8. दोष पेट्रोलचा असेल तर?

गेल्या काही वर्षांत पिकअपच्या तक्रारीत आणखी एक कारण मिसळलं आहे. 2025 पर्यंत देशात 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्वत्र आलं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. 20 टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे सुमारे साडेसहा टक्के. एवढी ऊर्जा दर लिटरला कमी.

इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक ओळखतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवून देतो. पिकअप टिकतो, मायलेज थोडं पडतं. कार्बोरेटरच्या बीएस-3, बीएस-4 गाडीत असं सांभाळून घेणारं कुणी नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलला 14.7 ऐवजी साधारण 13.5 ग्रॅमच हवा हवी असते. जेटचं भोक मात्र जुन्या हिशेबाचं आहे. त्यामुळे मिश्रण आपोआप आठ टक्क्यांच्या आसपास पातळ होतं, आणि पातळ मिश्रणाचं पहिलं लक्षण म्हणजे मूठ पिळताना गाडी क्षणभर अडखळणं. जिच्यात ना सेन्सर ना ईसीयू अशा जुन्या गाडीचा दम गेला असेल, तर संशयित इथे आहे.

9. पिकअप खरंच गेला असेल तर

नवी गाडी पहिल्या दिवसापासून जशी होती तशीच असेल, तर तो तिचा स्वभाव. पण आधी चांगली असलेली गाडी हळूहळू मंदावली, तर बिघाड शोधायचा. स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून सुरुवात करा: टायरमधली हवा, घासणारा ब्रेक, सैल किंवा सुकलेली चेन. मग एअर फिल्टर. सुरतेच्या मार्केट आणि मिलच्या परिसरात धाग्यांचा बारीक भुसा उडतो, तिथे रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीआधीच पाहावा. त्यानंतर प्लग, टॅपेट आणि क्लच.

बीएस-6 गाडीत मीटरवर इंजिनाचं पिवळं चिन्ह सतत पेटलेलं असेल, तर आधी स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण चुकवतो आणि गाडी पेट्रोलही पिते, पळतही नाही.

कॅट तुंबल्याची खूण वेगळी असते: खालच्या रेसला गाडी ठीक, पण ठराविक आरपीएमच्या वर कितीही मूठ पिळली तरी पुढे सरकत नाही. मात्र कॅट स्वतःहून क्वचितच तुंबतो. मिसिंग करणाऱ्या इंजिनाचं न जळलेलं पेट्रोल त्याच्यात जाऊन जळतं आणि नळ्या वितळतात, किंवा झिजलेल्या पिस्टन रिंगांतून आलेलं ऑइल त्याच्यावर राख बसवतं. म्हणून कॅट बदलण्याआधी मिसिंग कशामुळे होतंय आणि ऑइल का जळतंय, हे शोधावंच लागतं. ते न करता नवा कॅट बसवला तर तोही जाईल, आणि कॅट काढून टाकला तर मूळ दोष इंजिनात तसाच राहून आधी मायलेज आणि मग पिस्टन खाईल.